काच दारात पडली तर: पिकअपच्या पॉवर विंडोचं मशीन बदलताना

बटण दाबलं की दारातून घुर्रर्र आवाज येतो, पण काच जागची हलत नाही. किंवा हलते ती तिरकी होऊन, आणि अर्ध्यावर अडकून बसते. किंवा गाडी एखाद्या खड्ड्यात आदळते, आत टक्‌ असा आवाज होतो आणि सबंध काच दाराच्या पोटात उतरते. पिकअप चालवणाऱ्याला यातला एखादा प्रकार कधी ना कधी भेटतोच. भर जुलैत, चोर्ला घाट उतरताना भेटला, तर पुढचा रस्ता ओल्या मांडीनं काढावा लागतो.

काच वर-खाली करणाऱ्या या भागाला गॅरेजात विंडो मशीन म्हणतात, पार्टच्या खोक्यावर विंडो रेग्युलेटर असं छापलेलं असतं. ते बदलणं अवघड नाही. चार पाने, एक चांगला स्क्रू ड्रायव्हर आणि घाई नसलेला अर्धा दिवस मिळाला तर घरच्या पडवीत हे काम होतं. पण गोव्यात नुसतं मशीन बदलून भागत नाही. दारात पाणी कुठून येतं, कुठून जातं आणि वाटेत कुठे अडतं हे न बघता नवं मशीन बसवलं, तर तेही जुन्याच्याच वाटेनं जातं. म्हणून इथे मशीनइतकीच जागा पाण्यालाही दिली आहे.

आधी दाराच्या आत काय असतं ते बघू. दार म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळी. आतला पत्रा मोठमोठ्या भोकांचा असतो. हात आत जावा आणि मशीन बाहेर काढता यावं म्हणूनच ती भोकं ठेवलेली असतात. त्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा एक कागद काळ्या चिकट बुटीलनं डकवलेला असतो, आणि त्याच्यावर आपल्याला रोज दिसतं ते दाराचं पॅड. मशीन दोन जातींचं असतं. पहिली तारेची. मोटर एक ड्रम फिरवते, विहिरीवरच्या रहाटासारखी तार एका बाजूनं गुंडाळली जाते आणि दुसऱ्या बाजूनं सुटते, आणि त्या तारेला बांधलेला स्लायडर उभ्या रेलवरून काच घेऊन वर चढतो. तार वळवायला रेलच्या टोकांना छोट्या कप्प्या असतात, बहुतेक प्लॅस्टिकच्या. दुसरी जात कात्रीची. एकमेकांना छेदणारे दोन लोखंडी हात, त्यातल्या एकाला अर्धगोल दातेरी पट्टी, आणि ती पट्टी फिरवणारी मोटर. कात्रीचं मशीन वजनदार पण दणकट असतं. तारेचं हलकं असतं, कमी जागेत मावतं, आणि मोडण्यासारखं त्यात जास्त असतं.

मोटर दोन्ही जातींत साधारण सारखीच, १२ व्होल्टची डीसी. तिच्या दांड्यावर वर्म गिअर असतो, म्हणजे स्क्रूसारखा आटे असलेला दांडा (वर्म) आणि त्याच्या आट्यांत अडकलेलं दातेरी चाक. निदानाची अर्धी किल्ली या गिअरमध्ये आहे. वर्म चाकाला फिरवू शकतो, पण चाक वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून चांगल्या गाडीची काच बंद असताना ती हातानं कितीही खाली दाबली तरी उतरत नाही. उलट, तुमची काच दोन तळव्यांत धरून सहज वर-खाली होत असेल, तर मोटर आणि काच यांच्यामधलं काहीतरी तुटलं आहे. तार तुटली असेल, स्लायडर फुटला असेल, किंवा काच तिच्या क्लिपेतून निसटली असेल. अशा वेळी मोटर बहुधा शाबूत असते. तेव्हा मोटरसकट महागडं मशीन मागवण्याआधी हे एकदा करून बघा.

आता आवाज ऐका. गाडीची चावी चालू, इंजिन बंद, आजूबाजूला शांतता. बटण दाबल्यावर मोटर मोकळी फिरल्याचा आवाज आला, काच मात्र हलली नाही, तर दोष मशीनमध्ये. आत कुरकुर, कडकड असा तार चावल्यासारखा आवाज आला तरी मशीनच. काहीच आवाज नसेल तर मशीनला हात लावायची घाई करू नका. केबिनचा दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला तर मोटरपर्यंत वीज जाते आहे, पण मोटर किंवा मशीन जाम आहे. दिवा ढिम्म हलला नाही तर वीजच पोहोचत नाही. मग फ्यूज, बटण, आणि दार व बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतली वायरिंग बघायची. ड्रायव्हरच्या बाजूला बाकीच्या काचा बंद ठेवणारं लॉकचं बटण असतं, तेही चुकून दाबलेलं नाही ना याची खात्री करा. या एका बटणापायी उघडलेली दारं मी पाहिली आहेत.

त्या रबरी नळीबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. पिकअपचं दार दिवसात किती वेळा उघडतं ते आठवा. म्हापशाच्या बाजारात माल उतरवणाऱ्या गाडीचं तर विचारूच नका. दर वेळी नळीतल्या वायरी वाकतात आणि वर्षानुवर्षं वाकून आतलं तांबं तुटतं. वरचं आवरण शाबूत राहतं, म्हणून बाहेरून काही दिसत नाही. दार अर्धं उघडून, नळी हलवत बटण दाबलं आणि मध्येच काच चालली, तर चोर सापडला. तपासणीला मल्टीमीटरपेक्षा इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब बरा. तांब्याचा एकच धागा जोडलेला असला तरी मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, बल्ब मात्र त्यावर नीट पेटत नाही. मोटरचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग, काढून त्याच्या दोन पिनांमध्ये बल्ब लावा. बटण वर दाबा, खाली दाबा. दोन्ही वेळा बल्ब लख्ख पेटला तर वायरिंग आणि बटण ठीक. मोटरच्या दोन वायरींपैकी कुठल्या बाजूनं वीज येते यावर काचेची दिशा ठरते, म्हणून दोन्ही दाबून बघायचं. ही तपासणी फक्त दोन वायरींच्या मोटरसाठी. ज्या काचा एका दाबात आपोआप बंद होतात किंवा मध्ये हात आला तर मागे फिरतात, त्यांच्या मोटरला जास्त वायरी असतात आणि आत इलेक्ट्रॉनिक्स असतं. तिथे बल्ब किंवा थेट बॅटरी लावू नये.

आणखी एक खूण. काच तासाभरापूर्वी चालत होती, मग पाच-सहा वेळा वर-खाली केल्यावर बंद पडली, आणि थोड्या वेळानं पुन्हा चालली. मोटर तापली की तिच्या आतली सुरक्षा-कळ वीज तोडते आणि थंड झाल्यावर जोडते. मोटर तापते कारण काच ओढायला तिला जास्त जोर लागतो. असल्या दारात मशीन बदलून उपयोग नाही. दोष काचेच्या दोन बाजूंच्या रबरी खाचेत असतो, जिला रन चॅनल म्हणतात.

गोव्यातल्या गाड्यांची मशीनं का जातात, याचं उत्तर बहुतेक वेळा या रबरातच सापडतं. डिचोली, साखळी, वाळपईकडची बारीक लाल धूळ काचेला चिकटते आणि काच खाली गेली की खाचेत उतरते. त्यावर पाऊस पडला की त्याचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून खरखरीत कागद होतो. किनाऱ्यावर मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारा वारा लागतो, तिथे तार आणि रेल गंजतात. काच घासत वर चढते, तारेवर ताण वाढतो, आणि तार ड्रममध्ये शिरते त्या तीक्ष्ण वळणावर तिचा एकेक धागा तुटायला लागतो. जुनं मशीन हातात घेतलंत तर ही जागा मुद्दाम बघा. तुटलेले धागे झाडूच्या काड्यांगत बाहेर आलेले दिसतील, आणि ड्रमच्या प्लॅस्टिकवर त्यांनी पाडलेल्या चिरा दिसतील. स्लायडर फुटलेला असेल तर तो बहुधा काचेच्या बाजूलाच फुटतो, कारण अडलेल्या काचेचा झटका तिथे बसतो.

मशीन विकत घेताना गाडीचं मॉडेल, साल, आणि दार कुठलं, डावं की उजवं, पुढचं की मागचं, हे तर सांगावंच. पण शक्य असेल तर जुनं मशीन काढून दुकानात घेऊन जा. एकाच गाडीच्या दोन वर्षांच्या उत्पादनात बोल्टची भोकं आणि मोटरच्या कपलरच्या पिना वेगळ्या निघू शकतात. आपली मोटर चांगली असेल तर मोटरशिवाय नुसतं मशीन घ्यावं, बराच पैसा वाचतो. तारेच्या नव्या मशीनवर ड्रम धरून ठेवणारी एक छोटी प्लॅस्टिकची पट्टी किंवा पिन असते. मोटर बसेपर्यंत ती काढायची नाही. ती निघाली आणि ड्रम सुटला, तर ताणलेली तार सैल पडते आणि पुन्हा गुंडाळताना डोळ्यांत पाणी येतं.

कामाला शक्यतो मे महिन्यातच लागा. जून ते सप्टेंबरमध्ये इथे सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, हवा दमट असते आणि ओल्या पत्र्यावर बुटील चिकटत नाही. मासळीच्या गाड्यांना १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सवड मिळते आणि दुरुस्त्या तेव्हाच निघतात. त्यांनी निदान कोरडा दिवस आणि कोरडं छप्पर बघावं.

काच चालत असेल तर ती आधी अशा उंचीवर आणा, की आतल्या पत्र्याच्या भोकांतून काच धरणारे बोल्ट दिसतील. मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा. साइड एअरबॅग असलेल्या गाड्यांत दाराच्या आत धडकेचा सेन्सर असू शकतो, तेव्हा बॅटरी काढून काही मिनिटं थांबावं आणि त्या कपलरला हात लावू नये. हातात जाड मोजे घाला. दाराच्या आतल्या पत्र्याच्या कडा बाहेरून दिसत नाहीत, पण त्या धारदार असतात.

पॅड काढताना घाई झाली की क्लिपा तुटतात. आधी लपलेले स्क्रू शोधा. हँडलच्या वाटीत, हात टेकवायच्या जागेखाली, लहान प्लॅस्टिकच्या टोप्यांच्या मागे, आरशाच्या त्रिकोणी कव्हरमध्ये. सगळे निघाल्यावर पॅड खालच्या कडेपासून हळूहळू सोडवा आणि मग सबंध पॅड वर उचलून काचेच्या पट्टीतून मोकळं करा. मागे बटणाचा कपलर आणि हँडलची दोरी असते, ती सोडवल्याशिवाय पॅड ओढू नका. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतल्या वायरीला भोक पाडू शकतो. कागदावर दाराचं चित्र काढून त्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवले की प्रश्न मिटतो.

मग तो प्लॅस्टिकचा कागद. गॅरेजात तो सर्रास फाडतात आणि म्हणतात, "याचं काही काम नसतं, राहू द्या." या एका वाक्यामुळे गोव्यातल्या कितीतरी गाड्यांच्या पायांखाली पावसाळाभर पाणी साचतं. कागद हळूच सोडवा. बुटील कडक झालं असेल तर हेअर ड्रायरनं थोडं गरम करा, सुरीनं कापू नका. चिकट बाजूला धूळ लागू न देता बाजूला टांगून ठेवा.

काचेचे बोल्ट सैल करून काच हातानं पूर्ण वर सरकवा आणि दाराच्या चौकटीवरून आत-बाहेर अशा दोन्ही बाजूंनी जाड टेपनं बांधून टाका. दोन-तीन पट्ट्या लावा, एकीवर भरवसा ठेवू नका. ही काच टेम्पर्ड असते. तिच्या सपाट भागावर ठोसा बसला तर ती सहन करते, पण कडेला लोखंडाचा छोटा टवका लागला तर एका क्षणात तिचे दाणे होतात. आता मशीनचे बोल्ट. सोडवण्याआधी प्रत्येक बोल्टच्या भोवती मार्करनं खूण करा, कारण भोकं लांबट असतात आणि काचेचा तिरपेपणा त्यांच्यातूनच जुळवलेला असतो. काही गाड्यांत बोल्टऐवजी रिव्हेट असतात. त्यांची डोकी ड्रिलनं उडवावी लागतात. तसं केलंत तर पत्र्याचा किस दाराच्या तळाशी पडतो, तो लोहचुंबकानं वेचून काढा. राहिलेला किस पहिल्या पावसात गंजतो आणि खालचा पत्राही सोबत गंजवतो.

कात्रीच्या मशीनबद्दल इथे थांबून सांगतो, कारण यात बोट जाऊ शकतं. काच वर उचलायला मोटरला मदत व्हावी म्हणून या मशीनमध्ये एक मजबूत गुंडाळी स्प्रिंग असते आणि ती कायम ताणलेली असते. दातेरी पट्टी मोटरच्या दातांनी रोखून धरलेली असते. मोटर सुटी केली की ती पट्टी झटक्यानं फिरते आणि मध्ये बोट असेल तर ते चिरडते. म्हणून कात्रीच्या मशीनची फक्त मोटर बदलायची असेल तर आधी दातेरी पट्टी आणि तिची पाटी यांच्या आरपार बोल्ट टाकून, नट आवळून, पट्टी जाम करायची. भोक नसेल तर मजबूत क्लँप लावायचा. घरी प्रथमच करणाऱ्यानं असं मशीन मोटरसकट बदलावं, असं माझं मत आहे.

जुनं मशीन सगळ्यात मोठ्या भोकातून, थोडं फिरवून, थोडं तिरकं करून बाहेर येतं. ओढू नका, वाट शोधा. रिकामं दार समोर आलं की टॉर्च हातात घ्या आणि तळाशी बघा. दाराच्या खालच्या काठावर पाणी जायची भोकं असतात. काचेच्या बाहेरच्या रबरातून पाणी आत येणारच, ते तसंच धरून दार बनवलेलं असतं, आणि या भोकांतून ते खाली निघून जातं. आपल्याकडच्या दारांत मात्र तळाशी लाल चिखल, पानांचा चुरा आणि जुन्या किसाचा गंज मिळून घट्ट बूच बसलेलं असतं. ते बोटानं निघत नाही. लाकडाची काडी आणि पाण्याचा पाइप लावून धुवून काढा, वायरी आणि स्पीकर झाकून. पाणी खाली सरळ वाहायला लागेपर्यंत धुवा आणि मग दार वाळू द्या. पत्रा खरवडून उघडा पडला असेल तर रंगाचा हात मारा.

याच वेळी रन चॅनलही साफ करा. ओल्या कापडाची पट्टी पातळ लाकडावर गुंडाळून खाचेतून वर-खाली फिरवायची, कापड स्वच्छ निघेपर्यंत. वाळल्यावर सिलिकॉनचा स्प्रे मारा. तेल किंवा ग्रीस रबराला लावू नका. त्यानं रबर फुगतं आणि धूळ आणखी चिकटते. मशीनच्या रेलवर मात्र पांढरं लिथियम ग्रीस बोटाच्या टोकाएवढं लावलं तर चालतं.

नवं मशीन आत घालून बोल्ट हातानं, सैलच लावा. कपलर जोडा, बॅटरी जोडा, आणि बटणाला अगदी छोटे झटके देत स्लायडर बोल्टच्या भोकापर्यंत आणा. टेप काढून काच सावकाश उतरवा, स्लायडरमध्ये बसवा आणि तिचे बोल्ट बेतानं आवळा. जास्त जोर लावला तर काच तिथूनच फुटते. आता मशीनचे बोल्ट तसेच सैल ठेवून काच पूर्ण वर न्या. वर गेल्यावर काच स्वतःच रबरात आपली जागा घेते. त्या स्थितीत, जुन्या खुणांशी ताडून, मशीनचे बोल्ट पक्के करा. खाली असताना आवळले तर मशीन किंचित वाकडं बसतं आणि काच रोज थोडी थोडी घासत राहते. चार-पाच वेळा वर-खाली करा आणि वरच्या कोपऱ्यात फट राहते का ते आतून, उजेडाकडे बघत तपासा.

मग कागद. जुनं बुटील मळलेलं असेल तर ते पूर्ण काढून नवी बुटीलची पट्टी लावा. कागदाची खालची कड दाराच्या आत, पोकळीच्या बाजूला गेली पाहिजे. कागदावरून ओघळणारं पाणी त्यामुळे दारात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती कड बाहेर राहिली तर तेच पाणी पॅडच्या मागून गाडीत येतं. पॅड लावण्याआधी काच बंद करून बाहेरून पाइपनं पाच मिनिटं पाणी मारा आणि आत कागदाच्या कडेनं हात फिरवा. खालून धार लागली आणि हात कोरडा राहिला, तरच पॅड लावायचं.

आपोआप बंद होणाऱ्या काचांना बॅटरी काढल्यावर आपली वरची-खालची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बहुतेक गाड्यांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरायचं असतं. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. फ्यूज वारंवार उडत असेल तर जास्त अँपिअरचा टाकू नका. जामलेली मोटर मग फ्यूजऐवजी वायरिंग जाळते.

आणि काच वाटेतच पडली, पार्ट मिळायला दोन दिवस आहेत, आकाश काळं झालं आहे, तर? पॅड काढायची हिंमत असेल तर काच आतून वर ढकलून, तिच्या खालच्या कडेखाली पत्र्याला टेकेल असा मापाचा लाकडी तुकडा उभा करा आणि मोटरचा कपलर काढून ठेवा, म्हणजे सवयीनं बटण दाबलं तरी काही हलणार नाही. ते जमत नसेल तर जाड प्लॅस्टिक दाराच्या चौकटीवरून घेऊन, दार बंद करून रबरात चिमटून धरा. बाहेरून चिकटवलेला टेप आपल्या पावसात डिचोलीहून म्हापशापर्यंतसुद्धा टिकत नाही.